वणवा की अग्निकर्म? : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनाग्नीचा वैद्यदृष्टीने विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. वायू, जल, देश व काल हे चार भाव विकृत झाले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हा त्या अध्यायाचा मुख्य सिद्धान्त आपल्या स्मरणात राहतो. त्याची पार्श्वभूमी मात्र सहसा विस्मरणात जाते. ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, काम्पिल्य नगरीच्या परिसरात, गंगातीरीच्या वनात संचार करीत असता भगवान पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास हा उपदेश केला आहे. आणि त्यात त्यांनी प्रथम जे सांगितले, ते एखाद्या कल्पाविषयी नसून औषधी वेळीच संग्रहित करण्याविषयी आहे. भूमी नीरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट होण्यापूर्वी त्या काढून ठेवाव्यात, कारण भूमी बिघडल्यानंतर औषधीही उरणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. देशाची विकृती आणि औषधाची विकृती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे आचार्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगून ठेवले आहे.

आपल्या विदर्भात हा प्रश्न दरवर्षी फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत प्रत्यक्ष उभा राहतो. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतून हिरडा, बेहडा, आवळा, बेल, बिब्बा, चारोळी, मोहफूल, धायटीची फुले, अर्जुनसाल, कुडासाल, शतावरी, डिंक असा कितीतरी माल आपल्या फार्मसींकडे येतो. ज्या वनातून तो येतो, ते वन उन्हाळ्यात जागोजागी जळत असते. या आगीविषयी बोलताना एक पक्ष 'आग म्हणजे सर्वनाश' असे म्हणतो, तर दुसरा 'जंगल जळल्याशिवाय वाढत नाही' असे म्हणतो. आमच्या मते दोन्ही विधाने अर्धवट आहेत. अग्नीचा विचार मात्रा, काल आणि देश यांच्यासह करावयाचा असतो, हे वैद्याला कोणी शिकवावयास नको. तोच विचार येथे वनाच्या संदर्भात मांडावयाचा आहे.

वन आणि त्याचा अग्नी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा असून त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात खाणी, वीजकेंद्र व सिमेंटचे कारखाने वाढले असले तरी ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, गोंडपिपरीकडील जंगले आजही भरघोस आहेत. ही सर्व पानझडी वने होत. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बिजा, बांबू हे त्यांचे मुख्य घटक. हिवाळा संपताना पानगळ होते आणि मार्चपर्यंत जमिनीवर वाळल्या पाचोळ्याचा जाड थर साचतो. ठिणगी पडावयाचा काय तो अवकाश.

ही ठिणगी बहुतेक वेळा आकाशातून येत नाही, ती माणसाच्या हातून पडते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्री व पहाटे गळतात. खाली पाचोळा असल्यास ती दिसत नाहीत व वेचण्यास वेळ लागतो, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा स्वच्छ केली जाते. तेंदूच्या झुडपांना मे महिन्याच्या तोडणीपूर्वी कोवळी, मोठी, लवचीक पाने फुटावीत म्हणून छाटणीबरोबर आगही लावली जाते. गुरांना नवे गवत मिळावे, वाट मोकळी दिसावी, साप किंवा वाघ दुरून दिसावा, हीदेखील कारणे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात मोह व तेंदू वेचावयास गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात. तेव्हा पाचोळा जाळणाऱ्याचे भय खोटे आहे, असे शहरात बसून म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. यांखेरीज निष्काळजीपणे टाकलेली विडी आणि विझविल्याविना सोडलेली चूल ही कारणे आहेतच.

एका झाडाखाली लावलेली ही आग झाडाखालीच राहिली असती तर प्रश्न इतका बिकट झाला नसता. दुपारच्या वाऱ्याने ती पसरते आणि दोन-चार दिवस डोंगर उतरत-चढत राहते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना वनविभागांस पुरविते. देशात सर्वाधिक सूचना येणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव वारंवार येते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ व ३३ अन्वये राखीव व संरक्षित वनात आग लावणे हा अपराध आहे. कायदा शंभर वर्षांच्या घरात आला, तरी वणवा थांबलेला नाही. यावरून निदान एवढे तरी दिसते की केवळ निषेध हे या व्याधीचे औषध नव्हे.

अग्निकर्माचा निकष

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात अग्निकर्माचे जे विवेचन केले आहे, ते येथे मोठे मार्गदर्शक ठरते. क्षारापेक्षा अग्नी श्रेष्ठ, कारण त्याने दग्ध केलेला व्याधी पुन्हा उद्भवत नाही, असे ते म्हणतात. मात्र त्याच अध्यायात दग्धाचे चार प्रकारही ते सांगतात : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. अग्नी एकच, परंतु साधन, खोली, स्थान व काल यांनुसार त्याचे फळ उपकारक होते किंवा मारक होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अग्निकर्मास सर्व ऋतू योग्य मानले असले तरी शरद व ग्रीष्म हे दोन वर्ज्य सांगितले आहेत. आत्ययिक व्याधीत त्या ऋतूंतही अग्निकर्म करावे लागल्यास आधी प्रतिकाराची योजना करून मगच करावे, असा दंडक आहे.

आता वनाकडे पाहू. वनविभाग हिवाळ्याच्या अखेरीस 'जाळरेषा' घेतो. वनाच्या व कक्षांच्या सीमेवर, रस्त्यांच्या कडेने ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापून, वाळवून ते देखरेखीखाली जाळले जाते, जेणेकरून पुढे वणवा आलाच तर त्यास त्या पट्ट्यात इंधन मिळू नये. हे काम सर्वसाधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकावयाचे असते. त्यापुढचा काळ वणव्याचा हंगाम होय. काही ठिकाणी गवताळ कुरणे वा पाचोळ्याचे पट्टेही अशाच रीतीने हलक्या आगीने जाळले जातात. नियंत्रित ज्वलनाचे नियम अनुभवी वनरक्षकास ठाऊक असतात. जमिनीत व गवतात थोडी ओल असावी. वेळ सकाळची किंवा सायंकाळची असावी. वारा मंद असावा आणि शक्य तेथे आग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरकू द्यावी, म्हणजे ज्योत ठेंगणी राहते. क्षेत्र लहान व चोहोबाजूंनी बांधलेले असावे. झाडोऱ्याच्या फांद्या, पाणी व पाचोळा उडविणारी यंत्रे घेऊन माणसे हजर असावीत. आणि तोच पट्टा वगळता बाकीच्या वनास आच लागू नये.

हे सम्यग्दग्धाचेच लक्षण नव्हे काय? शिशिरातील ओलसर गवताची हलकी आग वरचेवर निघून जाते. खोडाची साल काळवंडते, पण आतील जिवंत थरास इजा होत नाही. उलट एप्रिल-मे महिन्यांत, ग्रीष्माच्या भर तीव्रतेत, कोरड्या पाचोळ्यास दुपारच्या वाऱ्यात लागलेली आग ही अतिदग्धाची अवस्था होय. ओंडके आठवडाभर धुमसतात, मुळांपर्यंत दाह पोचतो, वठलेली झाडे उभी जळतात. शरीर आणि वन यांचे साम्य शब्दशः घ्यावयाचे नसते, हे आम्ही जाणतो. तथापि ग्रीष्मात अग्निकर्म वर्ज्य करणारा नियम आणि फेब्रुवारीनंतर जाळरेषा न जाळण्याचा वनविभागाचा प्रघात यांच्यामागील युक्ती एकच आहे. आधीच कोरड्या, तापलेल्या, क्षीणबल देहाला अग्नी सोसत नाही.

भूमी आणि औषधी यांवरील परिणाम

वणव्यानंतर पहिल्या पावसात वन हिरवेगार दिसते आणि आगीने जमिनीस खत मिळाले असे म्हटले जाते. यात थोडे तथ्य आहे. राखेतून पालाश, चुना व स्फुरद ही द्रव्ये एकदम सुटी होतात. परंतु पाचोळ्यातील नत्र सुमारे २०० अंश सेल्सिअसपासून वायुरूपाने उडून जाऊ लागते, गंधकाचेही तेच होते. उताराच्या जमिनीवरील राख तर मृगाच्या पहिल्या सरींबरोबर नाल्यात जाते. पाचोळ्याचा थर हे भूमीचे त्वचारूप आवरण आहे. ते नसल्यास पावसाचा थेंब सरळ मातीवर आदळतो, माती वाहते, पाणी मुरत नाही. एखाद्या वर्षी आग लागून पुढे काही वर्षे विश्रांती मिळाली तर ही झीज भरून निघते. दरवर्षी आग लागत राहिली तर धातुक्षयाप्रमाणे हळूहळू भूमी निकस होते.

वनस्पतींचे सोसणे सारखे नसते. माती उष्णतेची मंदवाहक असल्याने झपाट्याने निघून जाणाऱ्या आगीत काही अंगुळांखाली फारशी उष्णता पोचत नाही. त्यामुळे शतावरी, विदारीकंद, सफेद मुसळी, कळलावी यांसारख्या कंदमूलांचे मुख्य अंग, उन्हाळ्यात वरचा भाग वाळलेला असता, जमिनीत सुरक्षित राहू शकते. कुडा, पळस, धायटी ही बुडापासून पुन्हा फुटतात. तेंदू तर मुळांपासून नवे कोंब देतो, म्हणूनच त्यास आग लावण्याची रीत पडली. सागाच्या कठीण कवचाच्या बियांनाही उष्णतेने रुजण्यास साहाय्य होते.

परंतु बियांपासून वाढणारी कोवळी रोपे हा वनाचा खरा बालवर्ग होय. चारोळी, बिजा, हिरडा, बेहडा, आवळा यांचे रोप साल जाड होईपर्यंत आणि शेंडा ज्योतीच्या वर जाईपर्यंत काही वर्षे आगीवाचून राहिले, तरच त्याचे झाड होते. दरवर्षी आग लागल्यास ते दरवर्षी बुडापर्यंत जळते, पुन्हा फुटते, पुन्हा जळते आणि अखेर मरते. वरून पाहणाऱ्यास वन भरलेले दिसते, कारण मोठी झाडे उभी असतात. मात्र त्यांची जागा घेणारे कोणी खाली नसते. वृद्धांनी भरलेल्या आणि मुले नसलेल्या गावासारखी त्या वनाची स्थिती होते. अशा वनात साग, तेंदू, पळस अशी आग सोसणारी मोजकी झाडे, तसेच रानतुळस व घाणेरी ही उपरी झुडपे मात्र फोफावतात. बहुविध वनाचे एकसुरी वन होते.

चरकोक्त उदर्दप्रशमन महाकषायातील दहा द्रव्ये आठवून पाहावीत. त्यांपैकी तिंदुक, प्रियाल, बदर, खदिर, अर्जुन व असन, म्हणजे तेंदू, चारोळी, बोर, खैर, अर्जुन आणि असन, ही आपल्या याच वनांत आढळतात. त्यांतील तेंदूला वारंवारची आग मानवते, चारोळीला ती मानवत नाही. एकाच गणातील एका द्रव्याच्या लाभासाठी दुसरे नाहीसे होत असेल, तर त्या गणाचा उपयोग करणाऱ्या वैद्याने स्वस्थ बसणे योग्य नव्हे. चारोळीच्या ऱ्हासाचे सर्व खापर आगीवर फोडता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. फळे कच्ची असतानाच तोडणे व फांद्या छाटून माल काढणे हेही तितकेच मोठे कारण आहे. पण फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि वणवाही त्याच काळातला, ही गाठ दुर्दैवी होय.

द्रव्यसंग्रहाविषयी शास्त्राची आज्ञा निःसंदिग्ध आहे. काल, आतप, अग्नी, जल, वायू व जंतू यांनी ज्याचा गंध, वर्ण, रस, स्पर्श व प्रभाव बिघडलेला नाही तेच द्रव्य घ्यावे, असा चरकाच्या कल्पस्थानाचा अभिप्राय आहे. सुश्रुताच्या भूमिप्रविभागीय अध्यायातही दहनाने उपहत झालेले औषध त्याज्य मानले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली पडलेला हिरडा किंवा बेहडा धग लागून करपतो, धायटीची फुले बहरातच भाजतात, अर्जुनाची साल धुरकटते. असा माल चांगल्या मालात मिसळून बाजारात येतो. राख व वाळू चिकटलेल्या मालात एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख यांचे प्रमाण वाढते व परीक्षणात तो पकडता येतो. पण रंग थोडा काळा एवढ्यावर सोडून दिलेल्या मालाची तपासणी किती ठिकाणी होते, हे फार्मसीचालकांनीच आपल्या मनाशी विचारावे.

याशिवाय धुराचा प्रश्न आहे. जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात धूम व धूळ यांनी उपहत झालेला वायू विकृत वायूंमध्ये गणला आहे. ज्या गावांच्या चहूबाजूंस आठवडाभर पाचोळा धुमसतो, तेथे तमकश्वासाचे रुग्ण, वृद्ध व बालके यांना त्या दिवसांत त्रास वाढतो. त्या भागात चिकित्सा करणाऱ्या वैद्यबंधूंनी अशा रुग्णांचा इतिहास घेताना 'सध्या जवळ जंगल जळते आहे काय' हा प्रश्न अवश्य विचारावा.

संपूर्ण निषेधाचे अपथ्य

मग आग पूर्णतः बंद करावी, हाच निष्कर्ष निघत नाही काय? येथे इतिहास सावध करतो. आपला भाग ज्या जुन्या मध्य प्रांतात मोडत होता, त्याच प्रांतात सातपुड्यातील बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात वनाग्निप्रतिबंधाचा संघटित प्रयत्न झाला आणि पुढे ती पद्धत देशभर गेली. काही दशकांनी वनाधिकाऱ्यांनाच निराळा अनुभव आला. ब्रह्मदेशातील सागाच्या आणि ईशान्येकडील दमट सालवनांत आग पूर्णतः थांबविल्यावर इतर झाडोऱ्याची गर्दी होऊन साग व सालाची नवी रोपे येईनात. मोठ्या वादानंतर काही क्षेत्रांत नियंत्रित आगीस पुन्हा स्थान द्यावे लागले.

आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळचे उदाहरण कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांचे आहे. तेथील सोलिग आदिवासी हिवाळ्याअखेर पाचोळ्याची हलकी आग लावीत असत. १९७४ मध्ये अभयारण्य झाल्यावर ही प्रथा बंद झाली. पुढे तेथे घाणेरीचे रान माजले. १९९७ ते २००८ या काळात ते किती झपाट्याने पसरले, याची मोजणी संशोधकांनी केली आहे. आवळ्याच्या झाडांवर बांडगुळेही वाढली. हलकी आग बांडगूळ व घाणेरीचे अंकुर आटोक्यात ठेवीत असे, असे सोलिगांचे म्हणणे आहे. घाणेरीच्या प्रसारास इतरही कारणे आहेत व आग हे त्याचे एकमेव उत्तर नाही, याविषयी अभ्यासकांत चर्चा चालू आहे. तथापि च्यवनप्राशाच्या मुख्य द्रव्याचे भवितव्य पाचोळ्याच्या आगीशी अशा रीतीने जोडलेले असू शकते, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे.

बिळिगिरी व गडचिरोली यांची स्थिती मात्र परस्परविरुद्ध आहे. तेथे अग्नीचा अयोग झाला, येथे अतियोग व मिथ्यायोग होत आहे. तेथील अनुभवाचा आधार घेऊन येथील ग्रीष्मातील वणव्याचे समर्थन करणे म्हणजे मंदाग्नीच्या रुग्णाचे औषध तीक्ष्णाग्नीच्या रुग्णास देण्यासारखे होय. आपल्याकडे उद्दिष्ट हेच असावे की ग्रीष्मातील आग थांबवावी, शिशिरातील जाळरेषा काळजीपूर्वक व वेळेवर घ्याव्यात आणि प्रत्येक वनखंडास रोपे वाढण्याइतकी आगविरहित वर्षे मिळावीत.

दोन गावांचा पाठ

हे उद्दिष्ट कागदावरचे नाही, हे आपल्याच दोन जिल्ह्यांतील गावांनी दाखविले आहे. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने वनहक्क कायदा येण्यापूर्वीच आपल्या वनासाठी नियम केले. त्यात वनास आग लावावयाची नाही, हा एक होता. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणारे हे देशातील पहिल्या गावांपैकी एक असून २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही तेथील ग्रामसभेकडे आला.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने तर याहून कठीण निर्णय घेतला. २०१२ मध्ये या गावास सुमारे १,००० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर ग्रामसभेने विचारपूर्वक ठरविले की तेंदूपाने तोडावयाची नाहीत, कारण त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि जंगलाला आग लावली जाते. तेंदूचा हंगाम म्हणजे या भागातील कुटुंबांस उन्हाळ्यात हमखास मिळणारी रोकड. ती या गावाने आपण होऊन सोडली. छाटणी थांबल्याने तेंदूची झाडे वाढू लागली व त्यांची फळे माणसांस व पक्ष्यांस मिळू लागली. गावाने आपल्या वनाचा काही भाग देवराईप्रमाणे पूर्णतः राखूनही ठेवला.

पाचगावला हे का परवडले, हा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते परवडले, कारण बांबूच्या विक्रीचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला व त्यातून लोकांस मजुरी व उत्पन्न मिळाले. एक उत्पन्न हाती असल्यामुळे दुसरे, वन जाळणारे उत्पन्न सोडता आले. ज्या गावाकडे बांबू नाही किंवा हक्क असूनही ग्राहक नाही, त्यास 'आग लावू नका' असे सांगणे म्हणजे उपाशी रुग्णास लंघन सांगणे होय. पथ्य सांगणाऱ्याने पर्यायी आहार सांगितलाच पाहिजे.

आपले कर्तव्य

असा पर्यायी आहार देणे आपल्या हातात आहे, नव्हे ते आपल्याच हातात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वनौषधींचे ग्राहक आपणच आहोत. आज हा माल वेचणाऱ्याकडून गावच्या दुकानदाराकडे, तेथून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे, तेथून नागपूर-मुंबईच्या बाजारात व मग फार्मसीत येतो. या प्रवासात तो कोणत्या वनातला, केव्हा वेचलेला, ते वन जळलेले की राखलेले, ही सर्व माहिती गळून जाते. राखलेल्या वनाचा हिरडा आणि जाळलेल्या वनाचा हिरडा एकाच पोत्यात, एकाच भावाने विकला जात असेल, तर वन राखणाऱ्याने ते कशासाठी राखावे? म्हणून पुढील सूचना विचारार्थ ठेवीत आहोत.

१) शेड्यूल 'टी' नुसार कच्च्या मालाची नोंदवही प्रत्येक फार्मसीस ठेवावीच लागते. तीत मालाचे वन वा ग्रामसभा, संग्रहाचा महिना आणि 'त्या वर्षी तेथे वणवा लागला होता काय' असे तीन रकाने वाढवावेत. खर्च काहीच नाही. पण व्यापाऱ्यास हा प्रश्न दोनदा विचारला की तिसऱ्यांदा तो उत्तर घेऊन येतो.

२) ज्या ग्रामसभांस सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्याकडून थेट खरेदी करावी. एकट्या लहान फार्मसीस हे जमणारे नाही. चार-पाच फार्मसींनी मिळून मागणी नोंदवावी व ती दसऱ्यापूर्वीच कळवावी, म्हणजे वेचणाऱ्यांस हंगामाचे नियोजन करता येईल आणि अर्धी रक्कम आगाऊ देता येईल.

३) न जळलेल्या वनातील, पक्व, वेळेवर वेचलेल्या मालास उघडपणे अधिक भाव द्यावा. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने २००९ मध्ये वनातील संग्रहाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांचे पालन करणाऱ्यास भावात फरक मिळाला नाही, तर ती पुस्तकातच राहतील.

४) मोहफूल घेणाऱ्यांनी झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरून वेचलेला माल मागावा. असा माल राख-मातीविरहित असल्याने त्याची प्रतही सरस असते. जेथे जाळी नाही तेथे पाचोळा झाडून बाजूस सारणे एवढेही पुरेसे आहे.

५) आयुर्वेद महाविद्यालयांच्या द्रव्यगुण विभागांनी वनविभाग व ग्रामसभांच्या संमतीने जळलेल्या व राखलेल्या वनखंडांत दहा मीटर चौरसाचे तुकडे आखून चारोळी, हिरडा, बिजा यांची रोपे दरवर्षी मोजावीत. पदव्युत्तर प्रबंधासाठी याहून उपयुक्त विषय आम्हांस सुचत नाही.

जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांस व संहिताबद्ध ज्ञानाच्या उपयोगास लाभवाटपाच्या तरतुदींतून सवलत मिळाली आहे. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने ती सोयीची आहे, यात संशय नाही. पण कायद्याने हात मोकळे केले म्हणून ऋण फिटत नाही. ज्यांनी मे महिन्याची रोकड सोडून वन राखले, त्यांच्या राखण्याचा लाभ आपल्या काढ्यांस व आसवांस होणार आहे. त्याचे मूल्य भावात दिसले पाहिजे.

सुश्रुताचार्यांनी अग्निकर्म सांगताना व्याधी, ऋतू व रोग्याचे बल पाहूनच अग्नी योजावा असे बजावले आहे. वनाच्या बाबतीत हे पाहण्याचे काम वनविभाग व ग्रामसभा करीत आहेत. येत्या आश्विन-कार्तिकात नव्या हंगामाची मागणी नोंदविताना आपल्या व्यापाऱ्यास एवढेच विचारावे, 'हा माल कोणत्या गावच्या जंगलाचा, आणि ते जंगल यंदा जळले होते काय?' उत्तर मिळेपर्यंत पोते उघडू नये.